नाव माहीत आहे म्हणून बाहेर यायलाच पाहिजे का? (आमचा रविवारचा खेळ, एक बारव आणि एक भांडण)

माळवद

राम राम मंडळी.

गेल्या रविवारी आमचा खेळ भांडणावर संपला. त्याचा निवाडा इथं मागतोय.

अंबाजोगाईत आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढं न्यायचा खेळ. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षसांची सोंगं घेणारा आणि शेवटी शिव्या खाणारा. बाकी चौघांची पात्रं पाचव्या लेव्हलवर आहेत. फाशांचा सेट एकच, तो फिरवून वापरतो. हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा उरलेला जीव, मोजायला चिंचोके. जागा म्हणजे आमच्या जुन्या घराचं माळवद, ऊन फार असलं की खालची ओसरी.

जग घरचंच रचलंय. देवगिरीसारखा किल्ला, तसाच तासलेला कडा, खंदक, आत अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. पायथ्याला ओसाड पडत चाललेलं गाव आणि गावात बारव. बारवेत एक बाई राहते. गाव तिला 'केरूबाई' म्हणतं. अंधारीतून जिवंत बाहेर कसं पडायचं हे फक्त तिला माहीत आहे.

आमचा जादूगार मेडिकलला शिकतो, सगळं पाठ करायची सवय. तो तीन रविवार गावात फिरून तिचं नाव काढत होता. म्हातारीला तंबाखू दिली, गुरवाला बोलतं केलं, पारावरच्या पोरांना गुडदाणी वाटली. मग बारवेच्या काठाला रिंगण आखलं, ऊद जाळला आणि म्हणाला, "केरूबाई, बाहेर ये."

मी त्याला फासासुद्धा टाकू दिला नाही. म्हणालो, पाणी हललं नाही.

कारण माझ्या वहीप्रमाणे ते तिचं खरं नाव नव्हे. आधीची लेकरं जगत नसली की पाठच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायची आपल्याकडं रीत होती ना, दृष्ट लागू नये, यमानं ढुंकून बघू नये म्हणून. तसं ठेवलेलं ते नाव आहे. गंमत अशी की ते नाव त्याच कामासाठी ठेवलं होतं आणि त्यानं ते काम चोख केलं.

जादूगार भडकला. "आख्खं गाव त्याच नावानं ओळखतं, तर खरं नाव आणखी कुठलं? तुझ्या वहीतलं?" आणि ताटलीतले चिंचोके उधळून खाली गेला. माझं चुकलं का?

नियमावली

निकाल नियमाला धरून आहे. नवव्या लेव्हलचा गेट हा स्पेल, म्हणजे मंत्र, वाचा. विशिष्ट प्राण्याचं नाव घेतलं तर तो दुसऱ्या लोकातून ओढला जातो, पण टोपणनाव, पदवी, लाडाचं नाव यातलं काही चालत नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे केरूबाई बाद.

पण त्याच स्पेलमध्ये पुढं जे लिहिलंय ते लोक वाचत नाहीत. नाव घेऊन ओढून आणलेल्यावर तुमचा कसलाही ताबा राहत नाही. तो निघून जाईल, मदत करेल किंवा तुम्हालाच खाईल, डीएमची मर्जी. पाच हजार सोन्याच्या मोहरांचा हिरा दाखवून एवढंच मिळतं.

ताबा हवा तर प्लॅनर बाइंडिंग. पाचव्या लेव्हलचा स्पेल, हजार मोहरांचं रत्न खर्ची पडतं, टाकायला पूर्ण एक तास लागतो. त्या तासभरात पाहुणा पळू नये म्हणून आधी उलटं मॅजिक सर्कल आखायचं. इथंच नवखे फसतात. तिसऱ्या लेव्हलचं सर्कल टिकतं एक तास आणि बाइंडिंगला लागतो एक तास. बाइंडिंग पुरं व्हायच्या आत रिंगण विझतं. म्हणून सर्कल वरच्या स्लॉटनं, म्हणजे वरच्या लेव्हलची ताकद खर्चून टाकावं, म्हणजे दर लेव्हलला एक तास वाढून मिळतो.

आणि एक शंका. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराकडं यातलं काय होतं? पात्राची लेव्हल वेगळी, स्पेलची वेगळी. त्याला गेट नाही, बाइंडिंगही नाही.

माळवद

हा घरगुती स्पेल आहे हो. तिसऱ्या लेव्हलचा, नाव 'हाक'. मीच लिहिलाय, अर्ध्या पानाचा. भांडण त्या उरलेल्या अर्ध्या पानामुळंच झालंय.

विसातला_एक

माझ्या आयडीकडं बघा, वीस बाजूंच्या फाशावर पडलेला एक, आणि समजून घ्या की नाव बरोबर असूनही काय काय होऊ शकतं.

कडबा

वाचू लालोय. औशाकडचा हाय म्या. चूक तुमचीच हाय राव. तीन रविवार त्यो पोरगा राबला अन् तुम्ही फासा बी टाकू दिला न्हाई. नाव खोटं हाय हे त्याला कळायला कायतरी खूण ठेवली व्हती का? म्हातारी म्हणाली का, "लेकरा, हे तर दृष्ट लागू नये म्हणून ठेवल्यालं नाव"? न्हाई ना? मंग ते कोडं न्हाई, खोडी झाली.

माळवद

खूण ठेवली होती. बारवेच्या आतल्या भिंतीवर लेख आहे, पण तो पाण्याखाली. पाणी उपसायचं कोणाला सुचलंच नाही.

कडबा

मराठवाड्यातल्या बारवेत पाणी? त्येच्यावरच कुणाचा विश्वास बसला नसंल.

गोदाकाठची

मी हा खेळ फक्त दोनदा खेळले आहे, तेही भावाच्या आग्रहानं. पण नावाबद्दल बोलायचंच तर खेळाच्या पुस्तकाआधी आपल्या घरात बघा.

आपल्याकडं नाव 'माहीत असतं' आणि नाव 'घेतलं जातं', या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवऱ्याचं नाव बाईला माहीत नसतं असं थोडंच आहे? पण ते घेत नाहीत. 'अहो', 'इकडून', 'आमच्या घरचे', 'बंड्याचे बाबा'. आणि घ्यायची वेळ आलीच तर सरळ घेत नाहीत, उखाण्यात घेतात. म्हणजे जे नाव उघडं उच्चारायचं नाही, ते यमकाच्या घडीत घालून, चार लोकांसमोर, ठरलेल्या प्रसंगी. दारात अडवून ठेवतात, नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. हा तुमच्या खेळातला मंत्र नाही तर काय?

तसंच रात्री सापाला साप म्हणत नाहीत. लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात. नाव घेतलं की येतो. तुमच्या जादूगारानं केलेली चूक ही की त्यानं नाव शोधलं, पण ते घ्यायचं कसं हे कोणाला विचारलंच नाही.

नियमावली

हे आवडलं. पण यमक जुळवायला लावलं तर आमच्या टेबलावरचे तिघे खेळ सोडतील.

आत्याबाई_अठरा_फाशांची

तिघे सोडतील, दोन येतील. चालतंय.

मी नांदेडची. कॉलेजच्या मुलींचा एक गट चालवते. आम्ही खऱ्या नावासाठी नावरस नाव वापरतो. बाळाच्या जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघतं, त्या अक्षराचं नाव. ते पत्रिकेत राहतं, हाक मारायचं नाव वेगळंच असतं. बऱ्याच जणांना स्वतःचं नावरस नाव आठवतही नाही. यापेक्षा चांगलं गुपित नाव कुठून आणणार?

हिशोब बघा. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे ४ चरण, एकूण १०८ अक्षरं. आता २७ बाजूंचा फासा मिळत नाही. मग असं करा. सहाचा फासा टाका: १-२ आलं तर अश्विनी ते आश्लेषा, ३-४ आलं तर मघा ते ज्येष्ठा, ५-६ आलं तर मूळ ते रेवती. दहाचा फासा टाका, त्या नवातलं कितवं ते कळेल, दहा आले तर पुन्हा टाका. चाराचा फासा म्हणजे चरण. तीन फासे, १०८ अक्षरं, एकही वाया नाही. आमच्या मुलींनी हे जुळलं तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि बारशाला ते नाव कानात 'कुर्रर्र' करून कोण सांगतं? आत्या. म्हणून आमच्या जगात कुणाचं खरं नाव हवं असेल तर त्याची आत्या शोधावी लागते. आत्या फितवणं हा आमच्याकडं आख्खा एक क्वेस्ट, म्हणजे मोहीम, असतो. आयडी उगाच नाही घेतला.

माळवद

आत्ता ओसरीवर बसून तीन फासे टाकले. सहाच्या फाशावर ३, दहाच्यावर ५, चाराच्यावर ३. मघेपासून पाचवं नक्षत्र चित्रा. पे, पो, रा, री. तिसरा चरण, 'रा'. वहीतलं जुनं नाव खोडलं. नवीन नाव 'रा'वरून ठेवतोय. इथं लिहीत नाही, जादूगार धागा वाचतो.

जादूगार_मीच

वाचतोय.

विसातला_एक

आता मजा.

जादूगार_मीच

भडकलो ते चुकलं. चिंचोके सगळे वेचून दिलेत, एक सापडत नाही. पण मुद्दा सोडणार नाही. आख्खं गाव चाळीस वर्षं एका नावानं हाक मारतंय आणि ती त्या नावानं राग-लोभ धरतेय, तर ते खोटं कसं? मी घेतलेलं नाव खोटं नव्हतं. डीएमनं 'खरं नाव' म्हणजे 'सगळ्यात आधीचं नाव' असं परस्पर ठरवून टाकलंय. आधीचं तेच खरं, हे कुणी सांगितलं?

काळा_पाषाण

योग्य प्रश्न. आणि आपल्या भागात तर तो जागोजाग आहे. मलिक अंबरनं १६१०मध्ये शहर वसवलं ते खडकी. त्याच्या मुलानं १६२६मध्ये फत्तेनगर केलं. १६५३पासून औरंगाबाद. २०२३पासून छत्रपती संभाजीनगर. शेजारच्या देवगिरीचं तुघलकानं १३२७मध्ये दौलताबाद केलं, तरी किल्ल्याला लोक आजही दोन्ही म्हणतात. समजा तुमच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे चालू असलेल्या गोष्टीत, शहराचीच देवता आहे आणि तिला बोलवायचं आहे. कोणत्या नावानं बोलावणार? आणि कोणत्या नावानं बोलावलं तर ती चिडेल?

नियमावली

हा प्रश्न टेबलावर विचारायचा की धाग्यावर, हे ठरवा. धाग्यावर विचाराल तर तीनशे प्रतिसाद होतील आणि एकातही फासा नसेल.

काळा_पाषाण

मान्य, मागे घेतो. खेळापुरतं सांगतो. मी एकदा असं केलं होतं की देवतेला सगळी नावं चालतात, पण प्रत्येक नावाला तिचं वेगळं वय बाहेर येतं. जुन्या नावानं खडकाएवढी म्हातारी, नव्या नावानं तरणी. म्हातारीला माहिती जास्त आणि दया कमी.

गोदाकाठची

जादूगार_मीच, तुमच्या प्रश्नावर मला एक सांगायचं आहे. खेळाचं नाही.

माझ्या आजीचं लग्नात नाव बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून बदलतात तसं. गंगाखेडला पासष्ट-सत्तर वर्षं ती त्या नव्या नावानं राहिली. रेशनकार्ड, बँक, पोथीवर घातलेलं नाव, सगळीकडं तेच. शेवटच्या दोन वर्षांत तिला विसर पडायला लागला. आम्ही हाक मारायचो, ती ऐकायची, पण ती हाक आपल्याला आहे असं तिला वाटायचं नाही. भिंतीकडं बघत बसायची. एक दिवस तिचा धाकटा भाऊ आला, नव्वदीला टेकलेला. दारातूनच माहेरच्या नावानं ओरडला. आणि ही पलंगावरून, इतक्या खणखणीत आवाजात, "ओऽऽ" म्हणाली की स्वयंपाकघरातून आई धावत आली.

त्या दिवसापासून आम्ही सगळे त्याच नावानं हाक मारायचो. नातवंडांनी आजीला एकेरी, पोरीच्या नावानं. ते नाव इथं लिहीत नाही, धाग्याचा विषयच तो आहे.

म्हणून खरं नाव आधीचं की नंतरचं, हे मला ठरवता येत नाही. पासष्ट वर्षं ती दुसऱ्या नावालाही 'ओ' देतच होती की. ज्या नावाला 'ओ' येते ते खरं, एवढंच मला कळलं. आणि ते हाक मारणाऱ्याला ठरवता येत नाही.

आत्याबाई_अठरा_फाशांची

(थोडा वेळ काहीच लिहिलं नाही.)

कडबा

ताई, आमच्याकडं रातच्याला कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकंला ओ देत न्हाईत. तीन हाका झाल्या तरच माणूस. आज्जी सांगायची, भूत तिसरी हाक मारत न्हाई. तुमचं वाचून ते आठवलं. म्हंजी नावाचा खेळ दोन्हीकडून हाय. आपण त्येला बोलवू लालोय, तसं त्ये बी आपल्याला बोलवू लालंय. अन् ओ दिली की संपलं.

विसातला_एक

डीएम, हे घ्या! बारवेतून रात्री एकेका पात्राला हाक येऊ दे. जो पटकन 'हां' म्हणेल त्यानं विस्डमचा सेव्ह, म्हणजे जादूतून सुटायचा फासा.

विवेकी

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. सुशिक्षित मुलं भूत बोलवण्याचे 'नियम' चर्चेला घेतात, नक्षत्रं काय, नावरस काय. राज्यात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, माहीत आहे ना?

माळवद

माहीत आहे आणि तो हवाच. पण तो कायदा भीती दाखवून लुबाडणाऱ्यांसाठी आहे. आमच्याकडं भुताचा हिशोब वीस बाजूंच्या फाशावर होतो आणि भूत मी असतो, चहा पीत. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात याच खेळावर सैतानपूजेचा आरोप झाला होता, १९८३मध्ये विरोधात एक संघटनाही निघाली. खेळ अजून चालू आहे.

उलट मी म्हणेन, भुताला 'तेरा एसी, पंचेचाळीस हिट पॉइंट' असं लिहायची (एसी म्हणजे त्याला वार लागायला लागणारा आकडा) सवय लागली की त्याची भीती राहत नाही. आपल्या पैठणच्या नाथांनी भुतावर भारुड लिहून ठेवलंय ते काय भूत पसरवायला? सोंग घेऊन नाचायला आणि त्यातून वेगळंच काही सांगायला.

गोदाकाठची

विवेकींचा मुद्दा मला वेगळ्या बाजूनं पटतो. बारवेतली बाई म्हणजे तुमच्या डोक्यात आसराच, पाण्यातली देवता, असणार. आमच्या शेतातल्या विहिरीवर आई अजून आसरांना हळदकुंकू वाहते. म्हसोबा, मरीआई, आसरा हे कुणाच्या तरी रोजच्या पूजेतले आहेत. त्यांना एसी आणि हिट पॉइंट लावून मारायला ठेवलं तर मला ते आवडणार नाही. परदेशातल्या देवांचं लोक करतात ते करोत.

माळवद

पटलं. ती आसरा नाही, तसं वहीत लिहून टाकतो. ती एक बाई होती, त्या गावची, जिच्या हयातीत बारव बांधून झाली. आणि तिला मारायचं नाहीच आहे, वाट विचारायची आहे.

नियमावली

आता थोडं नियमांचं गणित. नावावर आख्खा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, उभारायचा प्रयत्न होऊन गेलाय. याच खेळाच्या साडेतीन आवृत्तीत, २००६च्या टोम ऑफ मॅजिक या पुस्तकात, ट्रूनेमर. प्राण्याचं खरं नाव उच्चारायला ट्रूस्पीक नावाचं कौशल्य. फासा आणि कौशल्य मिळून गाठायचा आकडा १५ अधिक प्राण्याच्या सीआरच्या, म्हणजे त्याच्या ताकदीच्या आकड्याच्या, दुप्पट.

इथंच घात झाला. कौशल्य दर लेव्हलला एकानं वाढतं, आकडा दोनानं. पहिल्या लेव्हलला सीआर १च्या प्राण्याला १७ लागतात, तुमच्याकडं कौशल्याची रँक ४. विसाव्या लेव्हलला सीआर २०ला ५५ लागतात, रँक २३. म्हणजे जितका शिकाल तितकं कमी जमेल! वर आणखी एक कायदा, एकच उच्चार त्या दिवशी एकदा जमला की पुढच्या वेळी आकडा दोनानं वाढतो. जादूच्या वस्तू लादून लादूनच तो क्लास चालवावा लागायचा. कल्पना त्या पुस्तकातली सगळ्यात देखणी आणि गणित सगळ्यात भिकार.

त्यामानानं पाचव्या आवृत्तीतला समन ग्रेटर डीमन हा स्पेल साधा आहे. राक्षस आला की दर फेरीला सुटायचा सेव्ह मारतो. त्याचं खरं नाव घेतलं तर तो सेव्ह डिसॲडव्हांटेजनं, म्हणजे दोनदा फासा टाकून कमी आलेला धरायचा. बस. नावानं दार उघडत नाही, नुसती पकड घट्ट होते.

काळा_पाषाण

आर्स मॅजिका कुणी खेळलंय का इथं? १९८७चा खेळ. पाच क्रियापदं, दहा नामं, सगळी लॅटिन, आणि त्यांची जोडी लावून जादू. क्रेओ म्हणजे निर्माण करणं, रेगो म्हणजे ताब्यात ठेवणं. आम्ही एकदा पाची क्रियापदं मराठीत करून बघितली: घडव, जाण, बदल, मोड, आवर. 'आवर' म्हटल्यावर टेबलावर सगळे हसले, कारण घरात आई तेच म्हणते. पण तासाभरात हसू थांबलं. "पाणी, आवर" असं एखादा गंभीरपणे म्हणाला की अंगावर काटा येतो. लॅटिनला तो आला नव्हता.

कडबा

अर्थ कळलाच पायजे असं बी काय न्हाई. येळवशीला, म्हंजी येळ अमावस्येला, शेतातल्या कोपीभवती आंबील शिंपडत फिरताना आम्ही "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणताव. लहानपणापसनं म्हणू लालोय. अर्थ इचारला की बाप म्हणतो, म्हण गप. पर एक अक्षर चुकलं की तोच बाप तिथंच थांबवून परत म्हणायला लावतो!

आत्याबाई_अठरा_फाशांची

हे मी चोरणार.

डीएम, अजून एक राहिलंय, आणि ते नियमावलींच्या पुस्तकांतही मला कुठं धड दिसलेलं नाही. गोंधळात देवांना कसं बोलावतात ऐकलंय ना? तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची लक्ष्मी, जेजुरीचा खंडोबा. नुसतं नाव नाही, गावासकट. पत्ता लागतो. एका नावाच्या छप्पन बाया असतील. तुमच्या 'हाके'त गाव घाला, म्हणजे खेळाडूंना नावाबरोबर तिचं माहेरही शोधावं लागेल.

आणि दुसरं. गणपतीची साधी पूजा घ्या. आवाहन असतं तसं विसर्जन असतं. अक्षता टाकायच्या, मूर्ती जरा हलवायची, पुन्हा या म्हणायचं. बोलावलेल्याला वाटेला लावणं यजमानाचं काम. तुमच्या खेळातले जादूगार बोलावतात आणि मग लढाई संपली की स्पेलची मुदत संपून पाहुणा आपोआप गायब. कसली ही पाहुणचाराची रीत!

नियमावली

आपोआप गायब नेहमी होत नाही. २०१४च्या कॉन्ज्युअर एलिमेंटल या स्पेलमध्ये तुमचं लक्ष मोडलं तर बोलावलेला पाहुणा जात नाही, उलटतो. ताबा सुटतो आणि तास संपेपर्यंत तुमच्याच मागं लागतो. पण विसर्जन असं नाही, बरोबर.

माळवद

मंडळी, रात्री जागून 'हाक' पुन्हा लिहिली. अर्ध्याचं पाऊण पान झालं.

नाव, गाव आणि घेण्याची रीत, तिन्ही लागतील. नाव म्हणजे ज्याला ती कधीतरी 'ओ' देत होती ते कुठलंही. त्यामुळं 'केरूबाई' चालेल, जादूगाराचं म्हणणं मान्य, पण त्या नावाला येणारी ती गावाला जशी माहीत आहे तशीच येईल: चिडकी, पाणी न देणारी. माहेरच्या नावाला वेगळी येईल. दोघींना सगळं सारखं आठवत नाही. नाव सरळ घेतलं तर तिला सेव्ह साधा. उखाण्यात घेतलं तर तिचा सेव्ह डिसॲडव्हांटेजनं. उखाणा स्वतःचा हवा, यमक लंगडं चालेल, मोबाइलवरून वाचलेला चालणार नाही. आणि 'ओ' आली तरच फासा. 'ओ' आली नाही तर स्लॉट खर्च होत नाही, हे कडब्यासाठी.

विसर्जनाचा नियम लिहिलाय पण खेळाडूंना सांगणार नाही.

जादूगार_मीच

मी हे वाचलं.

माळवद

म्हणजे तुझ्या पात्राला माहीत नाही.

विसातला_एक

रविवारी काय झालं?? तीन दिवस झाले.

माळवद

सांगतो. परीक्षा होत्या सगळ्यांच्या.

दुपारभर त्यांनी बारव उपसली. चौघांनी, मोटेनं, अर्धा तास खेळाचा त्यातच गेला. जादूगार थकल्यावर त्यांच्यातली रॉग, म्हणजे चोराचं पात्र घेतलेली (रोज बसनं केजहून येते), म्हणाली, मी आत उतरते. भिंतीवरचा लेख शेवाळानं भरलेला. तिनं तो नखानं खरवडला, एकेक अक्षर मी सांगायचो, ती वहीत लिहायची. 'रा' आलं, मग 'णा', मग 'ई'. राणाई. खाली गावाचं नाव, कुठल्या तरी वालूरसारख्या चक्री, म्हणजे गोल फिरत उतरणाऱ्या, बारवेच्या गावचं. तिचं माहेर बारवेचंच गाव होतं तर. हे मी आधी ठरवलं नव्हतं, बोलता बोलता आलं.

मग उखाण्यावर अडलं. जादूगार दहा मिनिटं पेन चावत बसला. मेडिकलच्या पुस्तकाला यमक नसतं. शेवटी उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला:

*बारवेला पायऱ्या बारा, तेराव्या पायरीला पाणी,*
*चक्रगावच्या राणाईचं नाव घेतो, ऐक आमची गाऱ्हाणी.*

कुणी हसलं नाही. मी थांबलो. खरं सांगतो, मलाच 'ओ' द्यायला जड गेलं. एका बाईचा आवाज काढायचा होता, जिला किती वर्षांनी कुणीतरी माहेरच्या नावानं हाक मारली होती. गोदाकाठची ताईंची आजी डोक्यात होती. मी हळूच दिली.

फासा पडला, तिचा सेव्ह फसला. वर आली, पायरीवर बसली, अंधारीची वाट सांगितली. तिसऱ्या वळणाला उजवीकडं वळू नका, तिथून खाली खंदकात पडाल. जादूगारानं नकाशा काढला. सगळे खूश. आवराआवर, फासे डबीत, चौघे किल्ल्याकडं निघाले.

मी विचारलं, "नक्की निघालात?" म्हणाले, हो.

आत्याबाई_अठरा_फाशांची

वाटेला लावलं नाही ना कुणी!

माळवद

नाही.

जादूगार_मीच

म्हणजे? ती अजून पायरीवर बसलीये?

माळवद

पायरीवर नाही. तुम्ही पाच जण चाललाय, मागं वळून मोजा.

कडबा

त्ये तर चारच व्हते!!

केजची_रॉग

आयडी आत्ताच काढला. मला एवढंच विचारायचंय, तिच्या चिंचोक्यांचा हिशोब कोण ठेवणार? डबीत एक आधीच कमी आहे.